चिमणीत रॉकेल कुणी ओतलं? गरिबीत वाढलेल्या आपल्या पोरांचा इतिहास



दर वर्षी दहावी-बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. ‘हमालाच्या पोराची भरारी’, ‘धुणीभांडी करणाऱ्या आईच्या लेकीला ९१ टक्के’. फोटोत आई पेढा भरवत असते, मागे पत्र्याची भिंत आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. खाली ठरलेलं वाक्य असतं : परिस्थितीवर मात करून जिद्दीच्या जोरावर यश मिळवलं. आपण ती बातमी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवतो, खाली निळा झेंडा टाकतो. मीही टाकतो. त्या लेकराचा आनंद खरा असतो आणि तो साजरा झालाच पाहिजे.

पण मी ज्या वस्तीत चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींसोबत काम करतो, तिथे ही बातमी वाचताना दर वर्षी एक प्रश्न टोचतो. त्याच गल्लीतल्या ज्या पोरांनी नववीत शाळा सोडली, जे आज गॅरेजवर, केटरिंगला, मिस्त्रीच्या हाताखाली आहेत, त्यांच्यात जिद्द नव्हती का? पहाटे चारला उठून भाजी मार्केटात पोती उचलणारं पोर आळशी असतं का? मग एकाच परिस्थितीतलं एक लेकरू पुढे जातं आणि दहा मागे राहतात, याचं उत्तर ‘जिद्द’ या एका शब्दात कसं बसेल?

या लेखात माझं म्हणणं सरळ आहे. गरिबीत वाढणारं पोर निव्वळ जिद्दीवर तरत नाही. जिद्द बहुतेकांकडे असतेच. पोर तरतं ते कुणीतरी उभ्या केलेल्या आधारावर : छप्पर, दोन वेळचं जेवण, दिवा, पुस्तक आणि सोबत. हे आपल्या चळवळीला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. आज आपणच ते विसरत चाललो आहोत आणि समोरच्यांची ‘मोटिव्हेशन’ची भाषा उसनी घेऊन बोलतो आहोत. म्हणून हा इतिहास पुन्हा एकदा नीट वाचू या.

अर्ध्या आण्याची गोष्ट

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करू. साताऱ्यातली एक आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे आणि धनंजय कीरांच्या चरित्रातही ती आली आहे. आई भीमाबाई लवकर गेल्या. आत्या मीराबाईंनी सांभाळ केला. पुढे वडिलांनी दुसरं लग्न केलं, ते कोवळ्या भीमरावांना पटलं नाही. आता वडिलांवर अवलंबून राहायचं नाही, स्वतःचं पोट स्वतः भरायचं, असं त्यांनी ठरवलं. साताऱ्याकडच्या पोरांना मुंबईच्या गिरण्यांत काम मिळतं हे कानावर होतंच. अडचण होती मुंबईच्या भाड्याची. आत्या कमरेला जी पैशांची पिशवी खोचून झोपायची, ती रात्री काढून घ्यायचा बेत त्यांनी केला. तीन रात्री जमलं नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली. उघडून पाहिली तर आत फक्त अर्धा आणा.

आपले व्याख्याते ही गोष्ट सांगतात आणि लगेच पुढे जातात : तेव्हापासून त्यांनी अभ्यासाचा निश्चय केला आणि इतिहास घडला. निश्चय केला हे खरंच आहे. पण जरा थांबा. या गोष्टीत आणखी काय दिसतं? वैतागलेलं, घरावर रुसलेलं, शाळा सोडून कामाला जायला निघालेलं एक पोर दिसतं. आज माझ्या वस्तीतला दहावीतला पोरगा ‘सर, मी पुण्याला कंपनीत जातो’ म्हणतो, तेव्हा तो वेगळं काही करत नसतो. गरिबीला तोंड द्यायचा त्याला दिसणारा पहिला रस्ता तोच असतो : लवकर कमावतं व्हायचं.

मग भीमराव गिरणीत का गेले नाहीत? पिशवीत अर्धाच आणा होता म्हणून? तो पहिला दिवस होता. पुढची दहा वर्षं त्यांना शाळेत कुणी टिकवलं, हा खरा प्रश्न आहे.

वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक राहिलेले. घरात पेन्शन होती, अक्षर होतं, वाचनाची शिस्त होती. ती संधी सैन्यातल्या नोकरीमुळे आली होती आणि इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद करून हीच शिडी आपल्या पुढच्या पिढ्यांखालून काढून घेतली, हेही लक्षात ठेवा. १९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईत आलं, परळच्या डबक चाळीत. एकच खोली. तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा, तीच अभ्यासिका. भीमराव लवकर झोपत आणि रामजी त्यांना रात्री दोन वाजता उठवत. मग रॉकेलच्या दिव्यापुढे पहाटेपर्यंत अभ्यास चाले. पुस्तकं हवी झाली की रामजी लग्न झालेल्या लेकींकडे जात. त्यांच्याकडे पैसे नसले तर त्यांचा दागिना सावकाराकडे गहाण पडे आणि पुस्तक घरात येई. आणि दोघा भावांचं शिक्षण झेपेना, तेव्हा थोरले आनंदराव शाळा सोडून नोकरीला लागले.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवलं. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा हेच केळूसकर त्यांना सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली.

आता हिशेब मांडा. बापाची पेन्शन आणि जागरण. बहिणींचे दागिने. थोरल्या भावाची सुटलेली शाळा. एका शिक्षकाचं लक्ष. एका राजाची शिष्यवृत्ती. बाबासाहेबांची प्रज्ञा अफाट होतीच, त्यात वाद नाही. पण त्या प्रज्ञेपुढच्या चिमणीत रॉकेल ओतणारे हात किती होते ते मोजा. बाबासाहेबांनी स्वतः हे मोजलं होतं. म्हणून तर पुढे त्यांनी पोरांना केवळ ‘जिद्द ठेवा’ असं सांगून घरी पाठवलं नाही. त्यांनी वसतिगृहं काढली.

बोर्डिंग : अन्न, अंथरूण आणि अक्षर

आज ‘हॉस्टेल’ म्हटलं की खोली आणि मेस एवढंच डोळ्यांपुढे येतं. शंभर वर्षांपूर्वी वसतिगृह म्हणजे काय होतं? खेड्यातलं पोर चौथीपर्यंत कसंबसं शिकायचं. पुढची शाळा तालुक्याला किंवा शहरात. तिथे अस्पृश्याच्या पोराला भाड्याने खोली मिळत नसे, खाणावळीत पंगत मिळत नसे, पाणवठ्यावर हात लावता येत नसे. म्हणजे शाळेचं दार कायद्याने उघडलं तरी त्या गावात रात्र काढायची कुठे, हाच प्रश्न. गरिबी आणि जात वेगवेगळ्या येत नव्हत्या. एक पोट मारत होती आणि दुसरी ते भरायचे रस्ते बंद करत होती.

याचं उत्तर छत्रपती शाहू महाराजांनी शोधलं. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात झाली, मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. १९०२ चा ५० टक्के आरक्षणाचा हुकूम आपल्याला पाठ असतो, पण त्याच्या जोडीला बोर्डिंगं होती हे आपण सांगायला विसरतो. महाराजांना कळलं होतं की राखीव जागेपर्यंत पोहोचायला पोराला आधी दहा वर्षं कुठेतरी जेवावं आणि झोपावं लागतं. आरक्षण हे दार आहे, वसतिगृह हा दारापर्यंतचा रस्ता आहे.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहं, वाचनालयं आणि अभ्यासमंडळं ही कामं होती. पुढच्याच वर्षी, १९२५ साली, सोलापुरात सभेचं वसतिगृह सुरू झालं. तिथले विद्यार्थी ‘सरस्वती विलास’ नावाचं मासिक चालवत. नीट विचार करा : ज्यांच्या आईबापांना अक्षरओळख नव्हती, ती पोरं दोन वेळचं जेवण आणि डोक्यावर छप्पर मिळताच पहिली गोष्ट करतात ती मासिक काढण्याची! पोटाला आधार मिळाला की पोरांचं डोकं कुठे धावतं, याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

त्याच काळात साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांचं बोर्डिंग चालू होतं. तिथे सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवत, स्वतः काम करत आणि शिकत. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. धारवाडच्या वसतिगृहातल्या उपाशी मुलांसाठी रमाईने हातातल्या बांगड्या काढून दिल्याची गोष्ट आपल्या जयंतीच्या गाण्यांतून आणि भाषणांतून सांगितली जाते. आपण ती ऐकून रडतो. पण तिचा अर्थ काय, हे क्वचितच बोलतो. उपाशी पोरांना ‘मन घट्ट करा’ असं न सांगता बांगड्या काढून देणं, ही आपली परंपरा आहे.

हे सारं गोड होतं असंही नाही. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ (१९८४) ही आत्मकथनं पुन्हा वाचा. त्यांतलं किशोरवय म्हणजे सततची भूक आणि भुकेहून जास्त टोचणारी लाज आहे. फाटका सदरा, वर्गात विचारली जाणारी जात, मित्राच्या घरी उंबऱ्याबाहेर थांबणं. मी बोर्डिंगात सहा वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो : वरणात पाणी किती होतं हे माणूस विसरतो, पण ‘फुकटचं खाता’ हा शब्द विसरत नाही. तरीही त्या पातळ वरणामुळेच मी आज हा लेख लिहितो आहे.

मुलींचं काय झालं?

इथपर्यंतच्या गोष्टीत जवळपास सगळी पोरं मुलगे आहेत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ही या इतिहासातली मोठी उणीव आहे आणि ती आपण मान्य केली पाहिजे.

सुरुवात तर एका मुलीनेच केली होती. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, मांग समाजातली, चौदा वर्षांची. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. जेमतेम तीन वर्षं शाळेत गेलेल्या त्या मुलीने धर्माला, पेशवाईला आणि भुकेला एकाच दमात जाब विचारला. गरिबीतलं किशोरवय म्हणजे नुसतं सोसणं नव्हे. शाळा मिळाली तर ते वय प्रश्न विचारतं, हे मुक्ताने पावणेदोनशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं.

पण मुक्तानंतर किती मुली? नागपूरकडे जाईबाई चौधरींनी आयुष्यात हमालीसुद्धा केली आणि १९२२ साली चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली आणि हजारो बायका आल्या. तिथे बाबासाहेबांनी मुलांच्या लग्नाची घाई करू नका, असं आयांना सांगितलं. तो सल्ला आपण नुसता घरगुती उपदेश म्हणून वाचतो. मी तो किशोरवयाचं धोरण म्हणून वाचतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न पुढे ढकलणं म्हणजे तिच्या हाती तीन-चार वर्षं ठेवणं. त्या तीन-चार वर्षांत मुक्ता घडू शकते.

गरिबी आली की मुलगा बाहेर कामाला जातो आणि मुलगी घरात कामाला लागते. मुलाचं काम दिसतं, त्याची मजुरी मोजली जाते. मुलीचं काम, म्हणजे धाकटी भावंडं, पाणी, सरपण, भाकरी, मोजलंच जात नाही. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’ (२००३) मध्ये नवऱ्यामागे आयदानं विणून लेकरांना शिकवणारी आई आहे. शांताबाई कांबळे, कुमुद पावडे, बेबीताई कांबळे यांनी लिहिलं म्हणून आपल्याला निदान काही कळलं. न लिहिलेल्या लाखो आहेत. आपल्या चळवळीने बोर्डिंगं काढली, पण मुलींसाठीची बोटांवर मोजण्याइतकी. हे कर्ज अजून फिटलेलं नाही.

ज्यांना बोर्डिंगही मिळालं नाही

अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. शाळेत गेले ते दीड दिवस. १९३१-३२ च्या सुमारास, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, आईबापांसोबत ते वाटेगावहून मुंबईला पायी चालत आले. मिळेल ते काम करत वाढले, गिरणीतही राबले. वाचायला शिकले ते दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरची पोस्टरं वाचून. आज त्यांची गोष्टसुद्धा ‘शाळा न शिकता साहित्यिक झाले’ अशी चमत्कारासारखी सांगितली जाते. म्हणजे जणू शाळेची गरजच नव्हती!

पण अण्णाभाऊंना घडवणारी शाळा होतीच, फक्त तिला फळा नव्हता. माटुंग्याचा लेबर कॅम्प, कामगारांच्या सभा, मोर्चे आणि १९४४ चं लाल बावटा कलापथक, ही ती शाळा. त्यांच्या राजकीय मार्गाशी आपले मतभेद असू शकतात, पण मुद्दा वेगळा आहे. उघड्यावर पडलेल्या पोराला जिथे संघटना भेटली, तिथे ते माणूस म्हणून उभं राहिलं. जिथे संघटना भेटली नाही, तिथे त्याला दारूचा गुत्ता, मटक्याचा अड्डा किंवा एखादा भाई भेटला. चौदा ते अठरा हे वय कुणाचं तरी होण्याचं वय असतं. आपण त्या पोराला आपलं म्हटलं नाही, तर दुसरा कुणीतरी म्हणतोच. आज त्याच्या हातात दांडका देऊन त्याला दंगलीत पुढे करणारेही हेच ओळखून आहेत.

वसतिगृहातून चळवळ

१९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं. तिथे वर्ग सकाळी भरत, कारण बाबासाहेबांना माहीत होतं की आपली पोरं दिवसा नोकरी करतात. पोराने कॉलेजच्या वेळेत बसायचं नाही, कॉलेजने पोराच्या वेळेत बसायचं! आज कुठलं विद्यापीठ वेळापत्रक करताना असा विचार करतं?

१९५० साली औरंगाबादला कॉलेज निघालं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षण नावापुरतंच होतं. तिथे खेड्यापाड्यांतून पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन पोरं आली, वसतिगृहांत राहिली, बाबासाहेब त्याच आवारात वावरताना त्यांनी पाहिले. याच भूमीतून गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ आलं. बहिणीच्या दारी वाढलेले पोरके सोनकांबळे याच मिलिंदमध्ये प्राध्यापक झाले. मुंबईत वडाळ्याचं सिद्धार्थ विहार वसतिगृह हे दलित पँथरचं घरच होतं. १९७२ साल आठवा. एकीकडे भयानक दुष्काळ, दुसरीकडे ब्राह्मणगाव आणि बावड्यासारखी अत्याचाराची प्रकरणं. त्या वेळी गावागावांतल्या पोरांना लढ्याची भाषा दिली ती गरिबीतूनच आलेल्या, वसतिगृहांच्या आणि चाळींच्या खोल्यांत एकमेकांची पुस्तकं वाचणाऱ्या तरुणांनी.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. वसतिगृहाने पोराला फक्त तगवलं नाही. घरी एकटं असताना त्याला वाटायचं की आपण गरीब आहोत, आपलंच नशीब खोटं. एका खोलीत आठ पोरं झोपू लागली तेव्हा कळलं की आठही जणांचं नशीब एकाच कारणाने खोटं आहे. लाज वाटून घेतली तेव्हा ती हलकी झाली आणि मग तिचा राग झाला. त्या रागाला वाचनाची जोड मिळाली तेव्हा चळवळ उभी राहिली. आज व्यवस्थेला वसतिगृहं नकोशी का वाटतात, याचं उत्तर इथे आहे.

समाजशास्त्र काय सांगतं

एम.ए. ला असताना आम्हाला ऑस्कर लुईस यांची ‘दारिद्र्याची संस्कृती’ शिकवली गेली. गरिबांच्या सवयी आणि मनोवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या उतरतात, असा तिचा एकूण सूर. भारतात हा सिद्धांत फार सोयीचा आहे, कारण तो कर्मसिद्धांताचा चुलतभाऊ शोभतो : दोष तुमच्यातच आहे, फक्त गेल्या जन्माऐवजी सवयीत आहे.

मला जास्त पटलं ते ग्लेन एल्डर यांचं १९७४ चं ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेट डिप्रेशन’. अमेरिकेतल्या ओकलंड शहरातल्या, १९२०-२१ साली जन्मलेल्या मुलांचा हा अभ्यास. १९२९ नंतरच्या महामंदीत बापांची नोकरी गेली तेव्हा ही पोरं ऐन किशोरवयात आली. मुलगे मिळेल ते काम करू लागले, मुलींवर घर पडलं. ओळखीचं वाटतं ना? यांतले बरेच जण पुढे सावरले, पण त्यात लष्करी नोकरीचा आणि युद्धानंतर सैनिकांना शिक्षणासाठी मिळालेल्या सरकारी मदतीचा मोठा वाटा होता. १९४४ च्या जी. आय. बिल या कायद्याने ही मदत दिली. काळ्या सैनिकांना मात्र तोच हक्क कागदावर मिळाला आणि प्रत्यक्षात कॉलेजांनी आणि बँकांनी दारं लावून घेतली. म्हणजे तिथेही उत्तर तेच : ज्याला आधार दिला तो सावरला, ज्याला नाकारला तो अडकला.

योगायोग पाहा. त्याच १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, भारतात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ऐंशी वर्षं झाली. तिचं आज काय चाललं आहे?

दिवसाला सात रुपये

२०२१ च्या केंद्रीय नियमावलीनुसार अकरावी-बारावीत शिकणाऱ्या आणि घरी राहणाऱ्या मुलाला निर्वाहभत्ता मिळतो वर्षाला २,५०० रुपये. वसतिगृहात राहत असेल तर ४,०००. अडीच हजाराला ३६५ ने भागा. दिवसाला सात रुपयेही पडत नाहीत. एवढ्यात आमच्याकडे एक चहा येत नाही. आणि यासाठी घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असल्याचा दाखला हवा, जातीचा दाखला हवा, बँक खातं आधारला जोडलेलं हवं. हे सगळं करूनही पैसे कधी येतात? माझ्या वस्तीतल्या एका मुलाचे पैसे परीक्षा होऊन गेल्यावर आले. तोपर्यंत कॉलेजने त्याची गुणपत्रिका अडकवली होती आणि बापाने फी भरायला शेकडा दहा टक्के व्याजाने पैसे काढले होते. शिष्यवृत्ती आली ती व्याजात गेली.

राज्यात सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. ठिकाणानुसार वर्षाला ६० हजारांपर्यंत रक्कम आहे. योजना चांगली आहे, ती संघर्षातून मिळाली आहे. पण पैसे खात्यात यायला उशीर झाला तर खोलीमालक थांबतो का? मेसवाला थांबतो का? भूक थांबते का?

मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास आहे. आमच्याकडच्या एका मुलीकडे तो होता. गावात गाडी वेळेवर येत नव्हती, संध्याकाळची फेरी तर कित्येकदा यायचीच नाही. अंधारात तीन किलोमीटर चालत येणाऱ्या मुलीबद्दल गाव बोलू लागलं आणि अकरावीच्या दिवाळीत तिचं लग्न ठरलं. तिच्याकडे जिद्द होती. पासही होता. गाडी नव्हती.

‘मग जिद्दीला काहीच किंमत नाही का?’

हा प्रश्न मला शिबिरात नेहमी विचारतात. आहे, फार मोठी किंमत आहे. पण ती किंमत कोण मोजतं ते पाहा. माझ्या घरातलं सांगतो. मी दहावी पास झालो त्याच वर्षी माझ्या दादाने बारावी अर्धवट सोडली आणि तो शहरात बिगारी म्हणून गेला. त्याला माझ्यापेक्षा गणित चांगलं येत होतं. माझ्या एम.ए.च्या सत्काराला तो मागच्या खुर्चीत बसला होता आणि भाषणात सगळे माझ्या जिद्दीबद्दल बोलले. त्याच्या हाताला सिमेंटने पडलेल्या भेगांबद्दल कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही. ही चूक मी आज इथे दुरुस्त करतो आहे.

आपल्या प्रत्येक घरात असा एखादा आनंदराव आहे. बहुतेक घरांत तर ती बहीण आहे. एका लेकराने शिकावं म्हणून दुसऱ्याने थांबायचं, हा गरिबीचा नियम आहे. तो त्यागाचा आदर्श म्हणून मिरवायचा नसतो, मोडायचा असतो. जिथे वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि जवळची शाळा असते, तिथे दोन्ही लेकरं शिकतात. राज्य मागे हटतं तिथे त्याची जागा भावाच्या पाठीने आणि बहिणीच्या लग्नाने भरून काढली जाते. ‘जिद्दीची कहाणी’ हे सारं झाकून ठेवते, म्हणून ती व्यवस्थेला आवडते.

आता आपण काय करायचं?

सरकारला जाब विचारायचाच आहे. आपल्या तालुक्यातल्या वसतिगृहात जागा किती, भरलेल्या किती, शिष्यवृत्तीचे अर्ज किती आणि कुठल्या टेबलावर अडले, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. मोर्चाआधी हे आकडे हातात असले पाहिजेत. निर्वाहभत्ता महागाईशी जोडा आणि तो दर महिन्याला द्या, ही मागणी प्रत्येक संघटनेच्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर हवी. मुलींची वसतिगृहं ही दुसरी मागणी.

पण आपल्या हातातलंही काही आहे. आपल्या वस्तीतला विहार सकाळ-संध्याकाळच्या वंदनेनंतर कुलूपबंद का असतो? रात्री दहापर्यंत तिथे दिवा चालू राहिला तर एका खोलीच्या घरांतली वीस पोरं तिथे बसू शकतात. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा एक दिवसाचा खर्च कमी केला तर किती पोरांचे परीक्षा अर्ज भरले जातील, हिशेब तुम्हीच करा. नोकरीला लागलेल्यांनी वर्षातून एकदा येऊन भाषण करण्याऐवजी महिन्यातून एका पोराच्या मेसचं बिल भरावं. आणि सत्कार फक्त ९० टक्केवाल्यांचा करू नका. नापास झालेल्या पोराच्या घरी निकालाच्या दिवशी जाऊन बसा. त्या दिवशी त्याला कुणाची तरी सगळ्यात जास्त गरज असते.

७ नोव्हेंबर हा भीमरावांच्या शाळाप्रवेशाचा दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. येत्या ७ नोव्हेंबरला आपल्या वस्तीतल्या शाळा सोडलेल्या पोरापोरींची यादी करायला बसू या. प्रत्येक नावापुढे ‘आळशी’, ‘बिघडलेला’ असं लिहायचं नाही. त्याला काय मिळालं नाही ते लिहायचं : खोली, जेवण, गाडी, फी, की फक्त ‘तू आमचा आहेस’ असं म्हणणारं माणूस. मग त्यातलं आपण काय देऊ शकतो आणि सरकारकडून काय वसूल करायचं, हे ठरवायचं.

परळच्या त्या खोलीत एका बापाने रात्री दोन वाजता उठून पोराला जागं केलं आणि दिवा लावला. आपल्या वस्तीत आज तो दिवा लावायची पाळी आपली आहे.

जयभीम!